लहान मुलांचा उलटा चावा : उपचार लवकर करावा की थांबावे?

डब्याचे झाकण जसे डब्याच्या कडेवरून बाहेरच्या बाजूने बसते, तसे तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसायला हवेत. काही मुलांत याच्या नेमके उलटे असते. खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात आणि हनुवटीही पुढे आल्यासारखी दिसते. यालाच उलटा चावा म्हणतात.

बाळाचे वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जाते, अशी चर्चा आपल्याकडे घरोघर होते. वास्तविक त्यात काळजीचे काहीही नसते. उलट्या चाव्याकडे मात्र मूल दुसरी-तिसरीत जाईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष गेलेच तर पालकांना दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "दुधाचे दात पडले की आपोआप सरळ होईल. नाहीच झाले तर चौदाव्या वर्षी तारा लावा." दुसरा म्हणतो, "आजच उपचार सुरू करा, नाही तर पुढे ऑपरेशन करावे लागेल." हे दोन्ही सल्ले काही मुलांसाठी बरोबर आहेत आणि काही मुलांसाठी चूक. आपल्या मुलाला कोणता लागू पडतो हे ठरवायचे तर दोष नेमका कोठे आहे ते आधी पाहिले पाहिजे.

दोष दातांत की जबड्यात?

उलट्या चाव्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात जबडे व्यवस्थित असतात. फक्त वरचा एखाद-दुसरा पक्का दात आतल्या बाजूला उगवलेला असतो. दुधाचा दात वेळेवर पडला नाही की मागून आलेला पक्का दात असा आत अडकतो.

दुसऱ्या प्रकारात पुढचे दात टोकाला टोक लागून अडतात. मग दाढा नीट मिटाव्यात म्हणून मूल खालचा जबडा पुढे सरकवते. जबडा मोठा नसतो, तो फक्त पुढे सरकवण्याची सवय लागलेली असते.

तिसरा प्रकार हाडांचा. यात वरचा जबडा लहान राहिलेला असतो, किंवा खालचा जास्त वाढलेला असतो, किंवा दोन्ही. लोक "खालचा जबडा मोठा आहे" असे म्हणतात, पण अशा पुष्कळ मुलांत खरी उणीव वरच्या जबड्यात असते. टाळू दुभंगलेल्या मुलांत शस्त्रक्रियेनंतर वरचा जबडा अनेकदा मागे राहतो, म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

हाडांचा दोष बहुधा घराण्यात चालत येतो. युरोपातील हाब्सबर्ग राजघराणे त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या घराण्यातील स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१-१७००) याला जबड्यामुळे अन्न चावणेही कठीण जात असे. या घराण्यात जवळच्या नात्यात लग्ने होत. राजांची जुनी चित्रे तपासून स्पेनमधील संशोधकांनी २०१९ साली नात्यातील लग्ने आणि पुढे आलेला जबडा यांचा संबंध असावा असे मत मांडले. आपल्या भागातही मामाची मुलगी करण्याची चाल आहे. तेव्हा दंतवैद्यांनी "नात्यात लग्न झाले आहे का? आजोबांचा जबडा कसा होता?" असे विचारले तर रागावू नये. त्या उत्तरावरून पुढील वाढीचा अंदाज बांधता येतो.

घरी काय पाहावे?

मुलाला ताठ बसवावे. जिभेचे टोक टाळूला मागे लावायला सांगून दाढा सावकाश मिटायला लावाव्यात. पुढचे दात आधी टोकाला टोक लागून मग जबडा पुढे सरकला, तर दोष दुसऱ्या प्रकारचा असण्याचा संभव असतो. जबडा न सरकता सरळच उलटा मिटला आणि चेहरा बाजूने पाहिल्यावर गालाचा वरचा भाग बसका वाटला, तर हाडांचा दोष असू शकतो. अर्थात ही केवळ प्राथमिक पाहणी झाली. नक्की निदान तज्ज्ञाने तपासून आणि बहुधा चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढूनच होते.

एक-दीड वर्षाचे बाळ दाढा येण्यापूर्वी खेळताना जबडा पुढे काढते. तेवढ्यावरून घाबरू नये.

वय का महत्त्वाचे?

पहिल्या दोन प्रकारांत थांबण्यात फायदा नाही. वरचे पुढचे पक्के दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. ते उलटे अडकून राहिले तर एकमेकांवर घासून झिजतात आणि खालच्या दातावर भार येऊन त्याची हिरडी खाली सरकते. उपचार मात्र सोपा असतो. स्प्रिंग बसवलेली, काढता-घालता येणारी प्लेट वापरून असा दात बहुतेक वेळा काही महिन्यांतच जागेवर येतो.

तिसऱ्या प्रकारात वयाचे गणित अधिक कडक आहे. वरचा जबडा चेहऱ्याच्या इतर हाडांशी सांध्यांनी जोडलेला असतो. लहानपणी हे सांधे सैल असतात आणि वय वाढते तसे घट्ट होतात. त्यामुळे वरचा जबडा पुढे आणण्याचा प्रयत्न साधारण सात ते दहा या वयात केला तर जास्त लाभतो. चौदाव्या वर्षी ती संधी जवळजवळ गेलेली असते.

खालचा जबडा मात्र वयात येईपर्यंत व त्यानंतरही वाढत राहतो, मुलांमध्ये अठरा वर्षांपर्यंत किंवा पुढेही. तो मुळातच फार मोठा असेल तर लहानपणी उपचार करूनही वाढ पुन्हा पुढे जाते. अशा मुलांत वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरते.

फेसमास्क म्हणजे काय?

लहान राहिलेला वरचा जबडा पुढे आणण्यासाठी फेसमास्क वापरतात. त्याला कपाळावर व हनुवटीवर टेकणाऱ्या गाद्या आणि मध्ये एक दांडी असते. तोंडात वरच्या दातांना पट्टी बसवतात आणि तिथून दांडीला रबर बँड लावतात. त्यांच्या ओढीने वरचा जबडा हळूहळू पुढे येतो. मास्क रोज बारा ते चौदा तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत, नऊ महिने ते वर्षभर लावावा लागतो. शाळेत घालून जायची गरज नसते.

ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत सात ते नऊ वर्षांच्या ७३ मुलांवर याचा अभ्यास झाला. निम्म्या मुलांना मास्क दिला, निम्म्यांना दिला नाही. सहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मोठेपणी जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज पडेल असे तज्ज्ञांनी ज्यांच्याबाबत ठरवले, त्यांचे प्रमाण मास्क न लावलेल्या मुलांत ६६ टक्के आणि मास्क लावलेल्यांत ३६ टक्के होते. म्हणजे फायदा मोठा आहे, पण खात्री नाही. दर तीनपैकी एका मुलाला मास्क वापरूनही शस्त्रक्रिया लागू शकते. "शंभर टक्के बरा करतो" असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे.

आपल्या भागातील अडचणी

देगलूरहून नांदेड सुमारे ८० किलोमीटर. उदगीरमार्गे लातूर त्याहून लांब. उपचारात दर महिना-दीड महिन्याला तपासणीस जावे लागते. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी हाही उपचाराचाच खर्च आहे, तो आधी धरावा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी. पट्टी तुटली आणि चार महिने कोणी पाहिले नाही तर दात किडतात आणि केलेले कामही वाया जाते.

मास्क लावण्याच्या काळात ऊस दातांनी सोलून खाणे, चिक्की व फुटाणे बंद ठेवावेत. उन्हाळ्यात गाद्यांखाली घाम येऊन पुरळ उठते, म्हणून गाद्या रोज धुऊन वाळवाव्यात. मुलाची स्वतःची तयारी नसेल तर बळजबरीने हा उपचार होत नाही.

सुरुवात जवळच करता येते. उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्यांना दाखवावे. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्यांनाही मुलाचे तोंड पाहण्यास सांगावे. पुढील निदानासाठी ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दातांची व जबड्यांची ठेवण सुधारणारे तज्ज्ञ लागतात. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे, नांदेड व लातूर येथेही दंत महाविद्यालये आहेत.

तज्ज्ञांना हे विचारा

दोष दातांत आहे की हाडांत? हाडांत असेल तर वरचा जबडा लहान आहे की खालचा मोठा? आता उपचार केला नाही तर काय बिघडेल? किती महिने व किती फेऱ्या? पुढे पुन्हा तारा किंवा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता किती? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाल्यावर घरी बसून निर्णय घ्यावा. पंधरा दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही, पाच वर्षे झाल्याने बिघडते.

मूल सात वर्षांचे झाले की एकदा त्याचे दात तज्ज्ञाला दाखवावेत. "अजून थांबा" असे उत्तर आले तरी ती फेरी फुकट गेली असे समजू नये. मात्र थांबायचे ते तपासणी करून, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवत.