हवेच्या टाकीचा सेफ्टी वॉल्व्ह केवढा असावा?

स्वयंपाकघरातील कुकरच्या झाकणावर शिट्टीखेरीज आणखी एक बारीक सेफ्टी वॉल्व्ह असतो. शिट्टी तुंबली तर तो वितळतो, वाफेला वाट मिळते आणि घरची माणसे वाचतात. शेतावरच्या शेडमधील कॉम्प्रेसरच्या टाकीलाही असाच एक वॉल्व्ह असतो. ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरायला, फिल्टर झाडायला ही टाकी आपण रोज वापरतो. पण त्या वॉल्व्हकडे सहसा कोणी पाहत नाही.

टाकीत काय कोंडलेले असते ते आधी ध्यानात घेऊ. २०० लिटरच्या टाकीत १० किलो दाबाची हवा भरली, तर तिच्यातील शक्ती १ टन वजन २५ मीटर उंच उचलण्याइतकी असते. टाकी फाटली तर ती सारी एका क्षणात सुटते.

एरवी प्रेशर स्विच मोटार वेळेवर बंद करतो. पण स्विच चिकटला तर? समजा, कॉम्प्रेसर मिनिटाला ५०० लिटर हवा ढकलतो. मग २०० लिटरच्या टाकीत दाब मिनिटाला सुमारे अडीच किलोने चढेल. ८ किलोवर बंद व्हायची मोटार चालूच राहिली, तर मिनिटाच्या आत १० किलो! टाकी ५०० लिटरची असेल तर मिनिटाला १ किलो. म्हणजे मोठ्या टाकीमुळे थोडा वेळ मिळतो, संकट टळत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे, की वॉल्व्ह टाकीचा आकार पाहून घेऊ नये, कॉम्प्रेसर किती हवा ढकलतो ते पाहून घ्यावा. जितकी हवा आत येते तितकी, किंबहुना थोडी अधिक, वॉल्व्हमधून बाहेर गेली पाहिजे. ५०० लिटर येतात आणि ३०० च जातात, तर वॉल्व्ह फुसफुसत असतानाही दाब चढतच राहील.

दुकानात गेल्यावर नुसता ‘अर्ध्या इंची द्या’ असे म्हणू नये. अर्धा इंच हे आट्यांचे माप झाले. आतील झडप किती उघडते ते त्यावरून कळत नाही. दोन आकडे पाहावेत. पहिला, वॉल्व्ह किती दाबावर उघडतो. हा आकडा टाकीच्या पट्टीवर कोरलेल्या कमाल दाबापेक्षा कधीही जास्त नसावा. दुसरा, त्या दाबावर तो मिनिटाला किती हवा सोडतो. हा पुष्कळदा सीएफएममध्ये दिलेला असतो. १ सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर. आमच्या उदाहरणात १८ सीएफएम हवा आत येते, तेव्हा २० किंवा त्याहून अधिकचा वॉल्व्ह घ्यावा. दाब कमी झाला की वॉल्व्ह हवाही कमी सोडतो. १० किलोवर जेवढी हवा जाते, त्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक ५ किलोवर जाते. म्हणून आकडा आपल्या दाबाचाच आहे ना, हे विचारून घ्यावे.

खरी चूक पुढे होते. जुनी मोटार जळते, तिच्या जागी मोठी येते, किंवा पुली बदलून वेग वाढवला जातो. हवा दीडपट येऊ लागते, वॉल्व्ह मात्र जुनाच राहतो. मोटार, हेड किंवा पुली यांपैकी काहीही बदलले, की वॉल्व्हचा आकडा पुन्हा ताडून पाहावा.

आणखी काही गोष्टी. टाकी आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये कॉक बसवू नये, की वॉल्व्हच्या तोंडापेक्षा बारीक नळी लावू नये. वॉल्व्ह गळतो म्हणून त्याची स्प्रिंग आवळणे किंवा त्या जागी बोल्ट ठोकणे म्हणजे कुकरची शिट्टी तारेने बांधण्यासारखे आहे. गळका वॉल्व्ह बदलावा. अधूनमधून, तोंड बाजूला ठेवून, त्याची कडी ओढून झडप मोकळी आहे ना ते पाहावे. टाकीच्या बुडाचे पाणी रोज सोडावे. गंजाने पत्रा पातळ झाला, की पट्टीवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही; अशा टाकीला कोणताही वॉल्व्ह वाचवू शकत नाही.

कारखान्यात तपासणीला माणूस येतो. आपल्या शेडमध्ये कोणी येत नाही, आणि मुले मात्र तिथेच खेळतात. तेव्हा आजच टाकीची पट्टी, कॉम्प्रेसरची पट्टी आणि वॉल्व्ह यांवरचे आकडे कागदावर उतरवून एकमेकांशी ताडून पाहा.