मेजावरचा रणगाडा

रणगाड्याची प्रतिकृती दोन हेतूंनी तयार होते. एक काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी आणि दुसरी मेजावर खेळण्यासाठी. दुकानातून आणलेली पेटी एकच असेल, आतले तुकडे तेच असतील, सोबतचा मार्गदर्शक कागदही तोच असेल. पण हातून घडणारी वस्तू मात्र एक नव्हे. कपाटातल्या रणगाड्याला एकदा जागेवर ठेवला की धुळीखेरीज दुसरा शत्रू उरत नाही. मेजावरचा रणगाडा एका संध्याकाळी तीस-चाळीस वेळा उचलला जातो, फिरवला जातो, त्याच्या तोफेत कुणाच्या शर्टाची बाही अडकते, आणि रात्री तो पिशवीतून घरी जातो. म्हणून तो जोडावयाचा म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे विचार करावयाचा. हाताची पकड कोठे पडणार, काय फिरले पाहिजे आणि काय मोडणार, हे गोंदाची बाटली उघडण्याआधीच ठरवावे लागते.

हा खेळ काय आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. बुद्धिबळ आपल्या घरचेच. पण त्याच्या पटावर चौसष्ट घरे आखलेली आणि मोहऱ्यांच्या चाली बांधलेल्या. मेजावरच्या युद्धखेळात घरे नाहीत. टेकडी, ओढा, पडका वाडा यांच्या प्रतिकृती मांडतात, चाल पट्टीने मोजतात आणि नेम लागला की हुकला हे फाशांवर ठरवतात. प्रशियामध्ये राइसविट्झ पितापुत्रांनी रचलेला असा खेळ १८२४ मध्ये सैन्याच्या श्रेष्ठींनी उचलून धरला आणि तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणात शिरला. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांचा घरगुती खेळ नियमबद्ध केला. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध कितीतरी बरे, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

आज या खेळात एक प्रमाण फार रूढ आहे. शिपायाची बाहुली तळपायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर आणि वाहने मूळ आकाराच्या एकास छप्पन्न. ब्रिटनमधील वॉरलॉर्ड गेम्स आणि इटलीतील इतालेरी यांचे या प्रमाणातील प्लास्टिकचे संच प्रसिद्ध आहेत. उदाहरणासाठी आपण त्यांतला एक भारदस्त रणगाडा घेऊ : जर्मनीचा ‘टायगर’. १९४२ मध्ये तो रणांगणावर आला. वजन ५७ टन, तोफ पुढे करून लांबी ८.४५ मीटर, उंची तीन मीटर, समोरचे चिलखत १०० मिलिमीटर, आत पाच माणसे. छप्पन्नाने भागले की मेजावर तो साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर उंच होतो. असे रणगाडे सारे मिळून साडेतेराशेच्या आसपासच बांधले गेले. त्याच काळात अमेरिकेने शर्मन रणगाडे एकोणपन्नास हजारांवर बांधले. हौशी खेळाडूंच्या मेजांवर मात्र प्रमाण पुष्कळदा उलटे दिसते. दरारा असलेली वस्तू सर्वांनाच हवी असते, त्याला काय करणार!

पेटी उघडली की प्लास्टिकच्या चौकटींना फांद्यांसारखे लगडलेले तुकडे दिसतात. ते सारे एकदम तोडून ताटात ओतण्याचा मोह आवरावा. तुकड्याचा क्रमांक चौकटीवर असतो, तुकड्यावर नसतो. एकसारखी दिसणारी डावी-उजवी चाके एकदा मिसळली की ती ओळखण्यात अख्खी दुपार जाते. चौकटी प्रथम कोमट पाण्यात साबणाने धुवाव्यात, कारण साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट अंश कधीकधी पृष्ठभागावर राहतो आणि पुढे रंग धरत नाही. तुकडा काढताना तो पिरगळू नये. सपाट तोंडाच्या कटरने आधी थोडे अंतर राखून छेद द्यावा आणि उरलेला ठोंब नंतर धारदार पातीने हलके तासावा. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे एक बारीक रेघ उमटलेली असते; पातीची पाठ आडवी फिरवली की ती खरवडून निघते. ही रेघ कच्च्या प्लास्टिकवर दिसत नाही आणि रंग दिल्यावर मात्र चांगली ठळक होते, म्हणून प्रत्येक तुकडा दिव्याखाली वळवून पाहावा. पाती नेहमी आपल्यापासून दूर चालवावी. बोथट पातीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली पातीच निसटून बोटात शिरते. तेव्हा नवी पाती ही चैन नव्हे.

आता गोंद. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण मेजावरच्या रणगाड्याचे आयुष्य येथेच ठरते. हे तुकडे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे असतात. त्यांच्यासाठी मिळणारे पातळ सिमेंट हे आपल्या अर्थाने डिंक नव्हेच; ते एक विद्रावक आहे. दोन्ही कडा ते क्षणभर विरघळवते, कडा एकमेकींत मिसळतात, विद्रावक उडून जातो आणि मागे एकच सलग प्लास्टिक राहते. लोहार लोखंडाला लोखंड जोडतो, तशातलाच हा प्रकार. म्हणून असा सांधा नीट बसला तर पुष्कळदा शेजारचे प्लास्टिक मोडते, पण सांधा सुटत नाही. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद निराळा. तो दोन पृष्ठभागांच्या मध्ये कठीण आणि ठिसूळ थर होऊन बसतो. मेजावरून पडण्याचा एक धक्का त्याला पुरतो. धातूचा तुकडा किंवा लोहचुंबक बसवावयाचा असेल तेथे तो जरूर वापरावा, पण रणगाड्याचे धड त्याच्या भरवशावर सोडू नये.

पातळ सिमेंट लावण्याची रीतही उलटी आहे. आधी दोन्ही तुकडे कोरडेच एकमेकांवर बसवून पाहावेत, घट्ट धरावेत आणि मग सांध्यावर कुंचल्याचे टोक नुसते टेकवावे. द्रव केशाकर्षणाने आपोआप फटीत धावतो. बोट मात्र त्या फटीवर नसावे, नाहीतर तोच द्रव बोटाखाली ओढला जातो आणि ठशाच्या रेषा प्लास्टिकवर कायमच्या कोरल्या जातात. या द्रवाची वाफ डोके चढवणारी आणि पेट घेणारी असते. खिडकी उघडी हवी, जवळ देवघरातली समईदेखील नको, आणि घरात लहान मुले असतील तर बाटलीचे झाकण दोन थेंबांच्या मध्येसुद्धा लावलेले बरे.

धडाचे तळ, बाजू आणि पाठ जोडताना ते काटकोनात राहणे सर्वांत महत्त्वाचे. सिमेंट ओले असतानाच धड सपाट काचेवर ठेवून चारी कोपरे टेकतात का ते पाहावे, रबरबँडने आवळावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. येथे केसभर पीळ राहिला तर तयार रणगाडा मेजावर तीन पायांच्या पाटासारखा डुगडुगतो, आणि मग कोणताही उपाय चालत नाही. धड बंद करण्याआधी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. खऱ्या टायगरचे ५७ टन छप्पन्नच्या घनाने भागले तर सुमारे सव्वातीनशे ग्रॅम येतात. पोकळ प्लास्टिक त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून काही जाणते लोक धडाच्या तळाशी लोखंडी नट-वायसर पक्के चिकटवून टाकतात. त्यामुळे रणगाडा मेजावर ठाम बसतो आणि उचलणाऱ्याच्या हातालाही तो रणगाडा आहे हे कळते. नट सैल मात्र राहू देऊ नयेत. खुळखुळा वाजवीत चाल करणाऱ्या टायगरचा दरारा कोण बाळगील?

चाके आणि पट्टे हा टायगरचा खास भाग. वजन जमिनीवर पसरावे म्हणून त्याची मोठाली चाके एकमेकांत गुंफून, एकाआड एक अशी बसवलेली होती. चिखल किंवा बर्फ त्यांच्या मध्ये शिरून गोठला की चाके अडत. आतले चाक बदलावयाचे तर आधी बाहेरची उतरवावी लागत. लढाईचे पट्टे ७२५ मिलिमीटर रुंद असल्याने तो रेल्वेच्या वाघिणीबाहेर डोकावे, म्हणून प्रवासासाठी ५२० मिलिमीटरचे निराळे पट्टे चढवीत. प्रतिकृतीतही आतील रांग पूर्ण बसल्याशिवाय बाहेरची लावता येत नाही. खेळासाठीच्या संचांत बहुधा चाके आणि पट्टे थोड्या तुकड्यांत एकत्र ओतलेले असतात. कपाटवाल्यांना ते आवडत नाही, पण मेजासाठी तेच उत्तम, कारण सुटी कडी नेहमी खेळाच्या मध्येच गळते. टायगरला वरच्या बाजूस पट्टा उचलून धरणाऱ्या लहान चाक्या नव्हत्या. पट्टा आपल्या भाराने झोळून चाकांच्या माथ्यावर टेकलेला असे. सुटा पट्टा मिळाला असेल तर तो इस्त्री केल्यासारखा सरळ ताणू नये, मधे हलकेच दाबून बसवावा. पोलादी पट्टा म्हणजे काय, हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय आहे. तेथील कोणत्याही रणगाड्याच्या एका कडीची जाडी आणि तिची खीळ नीट पाहून आलेला माणूस पुढे प्लास्टिकचा पट्टा निराळ्या हाताने रंगवतो.

वरचा फिरता मनोरा चिकटवू नये, हा या सगळ्या उद्योगातला पहिला नियम. टायगरचे चिलखत समोर सर्वांत जाड आणि बाजूंना कमी, म्हणून खेळाचे बहुतेक नियम समोरचा, बाजूचा आणि मागचा मारा वेगवेगळा मोजतात. धडाचे तोंड कोणीकडे आणि तोफेचे तोंड कोणीकडे, हे समोरच्या खेळाडूला वाद न घालता दिसले पाहिजे. मनोरा गच्च बसलेला असला की ‘माझी तोफ तिकडे वळली आहे असे समजा’ ही विनवणी सुरू होते, आणि ‘समजा’ या शब्दाने जितके खेळ मोडले तितके फाशांनीही मोडले नसतील. मनोरा न फिरण्याची खरी किंमत काय असते तेही इतिहासात आहे. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिश गोळा एका टायगरच्या मनोऱ्याच्या कड्यात रुतला, मनोरा अडकला आणि आतली माणसे रणगाडा सोडून गेली. तोच क्रमांक १३१ चा टायगर आज इंग्लंडमधील बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयात चालत्या स्थितीत आहे. ट्युनिशियाच्या त्या मोहिमेत आपली चौथी भारतीय डिव्हिजनही लढत होती.

तोफेच्या नळीत एक गमतीचा योगायोग दडलेला आहे. तिचा व्यास ८८ मिलिमीटर आणि लांबी व्यासाच्या छप्पन्नपट. प्रमाणही एकास छप्पन्न असल्यामुळे पूर्ण नळी प्रतिकृतीत अचूक ८८ मिलिमीटरचीच व्हावयास हवी. त्यातला काही भाग मनोऱ्याच्या आत जातो. पण बाहेर उरतो तोही इतका लांब की सर्वांत आधी मोडते ती तोफच. दोन फाकांची नळी असेल तर जोड पूर्ण वाळल्यावर पॉलिशपेपर गोलाकार फिरवून सांधा नाहीसा करावा. एकाच बाजूने घासले तर नळी चपटी होते. राहिलेल्या फटीत लांबी भरावी. मुळाशी, जेथे नळी मनोऱ्याला मिळते, तेथे बारीक छिद्र पाडून आत पितळी तारेचा तुकडा घालावा. ज्यांना नेहमी प्रवासात न्यावे लागते ते तेथे लहान लोहचुंबक बसवतात : धक्का लागला की तोफ सुटते, मोडत नाही. चुंबकांची तोंडे मात्र गोंद लावण्यापूर्वी शाईने खुणावून ठेवावीत.

पावडी, कुऱ्हाडी, ओढण्याचे दोर, दिवे अशा बारीकसारीक तुकड्यांच्या बाबतीत हात आखडता घेतलेला चालतो. जे धडाला सपाट चिकटते ते ठेवावे. जे हवेत उभे राहते ते, अंगठा आणि तर्जनी जेथे पडणार आहेत त्या जागी तरी, लावू नये. रेडिओचा दांडा प्लास्टिकचा न लावता ताठ केसाच्या ब्रशातील एक केस लावला तर तो वाकतो आणि पुन्हा उभा राहतो.

रंगाआधी अस्तराचा एक पातळ हात हवा. डबीतून फवारावयाचे अस्तर हवामान पाहून मारावे. गोव्यात किंवा बेळगावकडे ऐन पावसाळ्यात फवारा मारला की हवेतील ओल पकडून त्यावर पांढुरकी साय धरते. उलट ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात भर दुपारी फवारा हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर रवा सांडल्यासारखा खरखरतो. सकाळची कोरडी वेळ दोन्हीकडे बरी. मूळ रंग कोणता हे आपण कोणत्या सालची लढाई मांडणार यावर ठरते : फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने गडद पिवळा हा मूळ रंग ठरवला, त्यापूर्वी युरोपात गडद राखी होता. लहान वस्तूवर रंग अधिक काळवंडलेला दिसतो, म्हणून डबीतला रंग किंचित फिका करून घ्यावा. नंतर पाण्यात फार पातळ केलेला तपकिरी रंग खाचांत ओघळू द्यावा. झाकणे, खिळे, जाळ्या आपोआप उठून दिसतात. शेवटी बिनचमकीच्या वॉर्निशचे दोन हात. कपाटातल्या प्रतिकृतीला ते ऐच्छिक असेल. येथे प्रत्येक चालीला घामाचे बोट लागणार असते आणि वॉर्निश नसेल तर मनोऱ्याच्या कडा महिन्या-दोन महिन्यांत उघड्या पडतात.

वॉर्निश पूर्ण कडक होण्यास दोन-तीन दिवस द्यावेत आणि तोवर रणगाडा स्पंजात गुंडाळू नये, नाहीतर त्याची जाळी रंगावर उमटते. नेण्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात स्पंज कापून दोन घरे करावीत, एक धडाला आणि एक मनोऱ्याला. मनोऱ्याचे घर तोफेच्या टोकापुढे बोटभर मोकळे ठेवावे.