मार पखवाजावर, कळ चेहऱ्यावर

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि देवळांच्या आवारात धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, रंगू लागतो. सुरुवातीच्या आडदशावतारात काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबवणारा संकासुर मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेतो. मग विष्णू येतो आणि दोघांची जुंपते. पुढच्या आख्यानातही देव-दानवांचं युद्ध बहुधा चुकत नाही. पहाटे हंडी फुटली की मंडळी पेटारे भरून पुढच्या गावाला निघतात आणि त्या रात्री पुन्हा तलवारी उपसतात. मोजक्या नटांच्या मंडळीत कोणी जायबंदी होऊन परवडत नाही. मग हा मार खोटा असूनही खरा कसा वाटतो?

टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीत हीच कला वेगळ्या साधनांनी चालते. ठोसा मारणारा मूठ सैल सोडतो, बाहूचा मांसल भाग हलकेच टेकवतो आणि त्याच क्षणी पाय जोरात आपटतो. रिंगणाखाली पोकळी असते, वर फळ्या, फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. त्यामुळे पावलाचाच आवाज ठोशाचा वाटतो. पडणारा हनुवटी छातीला चिकटवतो आणि सपाट पाठीवर पडताना दोन्ही हात जमिनीवर आपटतो, म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. हा खेळ करमणुकीचा आहे, हे अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या कंपनीने १९८९ साली न्यूजर्सीच्या सिनेटपुढे मान्यही केलं.

आमच्या दशावतारी नटापाशी यातलं काहीच नाही. पायाखाली देवळाची फरशी किंवा चोपलेली माती, डोक्यावर मुकुट. लिहिलेली संहिताही नाही. कथानक रंगपटात ठरतं, संवाद ऐनवेळी सुचतात. शिवाय प्रेक्षक बहुतेकदा तिन्ही बाजूंना बसलेले. सिनेमात कॅमेऱ्याकडे पाठ करून हुकलेला ठोसा लपवता येतो, इथे ती सोय नाही.

म्हणून इथे लढाईचा नाच होतो. युद्धनृत्यात दोघे समोरासमोर येतात, गिरकी घेतात, तलवारीवर तलवार टेकवून जागा बदलतात. ठेका चालू असतो तोवर समोरच्याचं पाऊल कधी पडणार हे दोघांनाही ठाऊक असतं. पखवाजवाल्याची नजर नटांच्या पायांवर. घाव उतरतो तिथे त्याची थाप पडते, झांज कडाडते आणि प्रेक्षकाचा कान सांगतो, लागलं! कुस्तीगीर स्वतःच्या पायाने जे करतो, ते इथे पखवाजी करतो. तो चुकला तर उत्तम वारही फुकट जातो, म्हणून मी त्याला या लढाईतला तिसरा लढवय्या मानतो.

पण खरी कसोटी मार खाणाऱ्याची. वार करणारा हात आखडता घेतोच. घाव दिसतो तो समोरच्याच्या अंगात. डोकं आधी वळलं तर प्रेक्षक हसतात, उशिरा वळलं तर दुखापत. राक्षसाची आरोळी इथे फार कामाची. ती भीती घालते, आणि पडताना श्वास बाहेर गेल्याने अंगही ताठत नाही. गुडघा, मांडी, कूस असं क्रमाने जमिनीला टेकत तो खाली जातो, मुकुटावर कधीच नाही. विष्णूचा पराक्रम पाहणाऱ्याला पटतो तो या पडण्यामुळे. राजपार्टाला, म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्याला, टाळ्या मिळतात हे रास्तच. पण रोज रात्री नव्या आवारात, नव्या फरशीवर न चुकता पडणाऱ्या खलपुरुषाला त्या तितक्याच मिळायला हव्यात.

अलीकडे चमत्कार दाखवणाऱ्या ट्रिकसीनमध्ये धूर आणि रंगीत दिवे आले. धुरात अंतराचा अंदाज चुकू शकतो. आणि पोरं तर पहिल्यापासूनच मंचाच्या कडेला खेटून बसतात. जत्रेच्या मंडळींनी तेवढी पोरं हातभर मागे सरकवावी. नट एकमेकांना सांभाळतात, पण फिरत्या तलवारीच्या टप्प्यात आलेलं पोर काही त्यांच्या ठेक्यात नसतं.