ट्रकातला संसार आणि चैत्राचं ऊन

चैत्र लागला की सातारा-सांगलीकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. शिखर शिंगणापूरची मोठी यात्राही याच महिन्यातली. जत्रा म्हटली की तमाशा आलाच! सांगलीजवळचं कवलापूर हे तर काळू-बाळूंचं गाव. लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी साऱ्या महाराष्ट्राला हसवलं. खेळ संपला की आपण घरी येतो नि पंखा लावून झोपतो. फडातल्या बाया कुठं झोपत असतील, हा विचार कधी मनात येतो का हो?

दसऱ्याला बाहेर पडलेला फड थेट वैशाखातच परततो. तोवर ट्रक आणि राहुटी हेच घर. रात्रभर खेळ, मग बोजा बांधून पुढचं गाव, आणि झोपायचं ते भर दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना!

उभी गाडी उन्हात तव्यासारखी तापते. म्हणून जागा निवडतानाच दुपारनंतर कुठं सावली येईल ते पाहावं. झाड पश्चिमेला असलेलं बरं. ताडपत्री टपाला चिकटवू नये, वीतभर वर ताणावी, म्हणजे मधून वारा खेळतो. दोन्ही बाजू उघड्या ठेवून वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगावं. पाणी सुकताना उष्णता ओढून घेतं. माठ गार होतो तो असाच. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ही युक्ती इथं चांगली साधते. कोकणात नाही साधायची! गाडीखालची सावली मोहात पाडते खरी, पण चालकाला सांगितल्याशिवाय तिथं मुळीच आडवं होऊ नये.

खरी अडचण मात्र वेगळीच. बाया पाणीच पीत नाहीत! आडोसा नाही, संडास लांब, मग अंधार पडेपर्यंत घोट आवरायचा. मे महिन्यात गाडी करून कुलदैवताला जाताना आपणही हेच करतो की नाही? यातून लघवीची जळजळ, मूतखडा मागे लागतो. आणि घामाला पाणी उरलं नाही की अंग तापतच जातं. जत्रेत वर्गणी काढून फडाला सुपारी देणाऱ्या गावानं बायांसाठी चार पत्र्यांचा आडोसा नि पाण्याचा हौद आधी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गावातल्या बायकांनीच हा विषय काढला तर पंचमंडळी ऐकतील.

सोबत ताक, पन्हं, कांदा असावाच. फार घाम गेला असेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्यावं. चमचा चहाचा. जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्याचा भरवसा नको. पोरांना बंद गाडीत एकटं ठेवून देवदर्शनाला जाऊ नये, ‘पाच मिनिटांत आलेच’ म्हणूनसुद्धा.

एखादीचं अंग भाजल्यासारखं तापलं, ती असंबद्ध बोलू लागली किंवा भोवळ येऊन पडली, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. लगेच सावलीत घ्या, लुगडं सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.