लघु विद्युत पुरवठा संचाची दुरुस्ती

लघु विद्युत पुरवठा संच म्हणजे घरगुती २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे ५, १२ किंवा १९ व्होल्ट अशा अल्प एकदिश दाबात रूपांतर करणारे उपकरण होय. राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही कॅमेरे, लॅपटॉप व एलईडी दिवे यांना तो अ‍ॅडॉप्टर, ड्रायव्हर किंवा एसएमपीएस या नावांनी जोडलेला असतो. उपकरण बंद पडले की दोष उपकरणातच आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अनेकदा पुरवठा संचातील काही रुपयांचा एखादा घटक निकामी झालेला असतो. असा घटक शोधून बदलणे हा या दुरुस्तीचा गाभा आहे.

रचना

पूर्वीचे अ‍ॅडॉप्टर लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर चालत. ते जड असले तरी त्यांत बिघडण्यासारखे फारसे काही नसे. आजच्या स्विचिंग पद्धतीत मुख्य पुरवठा आधी फ्यूज व ब्रिज रेक्टिफायरमधून जातो आणि ४०० व्होल्ट क्षमतेच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाब साठतो. मॉस्फेट हा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि त्यामुळे फेराइट गाभ्याचा लहानसा ट्रान्सफॉर्मर पुरेसा होतो. दुय्यम बाजूला शॉटकी डायोड व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. टीएल४३१ सारखा संदर्भघटक निर्गम दाबाची तुलना करतो आणि पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर ती माहिती प्रकाशाच्या साहाय्याने प्राथमिक बाजूच्या नियंत्रक आयसीपर्यंत पोहोचवतो. प्राथमिक व दुय्यम बाजूंमध्ये कोणताही थेट विद्युत जोड नसणे हे संचाच्या सुरक्षिततेचे मूळ आहे.

वलवण परिसरातील परिस्थिती

लोणावळ्यालगतचे वलवण हे विजेच्या इतिहासातील परिचित नाव आहे. १९१० साली स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीच्या योजनेतील वलवण तलावाचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात जाते. तेथून १९१५ पासून मुंबईस वीज मिळू लागली. मात्र ज्या पावसावर ही योजना उभी राहिली, तोच पाऊस येथील इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा मोठा शत्रू आहे. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुके व दमट हवा घरात शिरते.

अखंड चालू असलेला संच स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. आठवडेच्या आठवडे बंद असलेल्या बंगल्यांमधील संचांवर मात्र ओल साचते. ओल, धूळ व सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स यांचा थर ३२५ व्होल्ट दाबाच्या पट्ट्यांमध्ये गळती प्रवाहाला वाट देतो. तांब्यावर हिरवट गंज चढतो. उबेसाठी आत शिरलेली पाल किंवा मुंग्या यांच्यामुळेही संच जळाल्याचे आढळते. अखंड चालणाऱ्या संचाचा दोष निराळा असतो. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सतत तापल्यामुळे सुकत जातात.

‘वीज गेली, परत आली, पण राउटर सुरू झाला नाही’ ही पावसाळ्यातील तक्रार या सुकण्याचाच परिणाम असते. कपॅसिटर सुकला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. संच गरम असेपर्यंत हा रोध सहन होण्याइतका कमी राहतो. वीज गेल्यावर संच थंड होतो, रोध आणखी वाढतो आणि नियंत्रक आयसीला आरंभीचा पुरवठा मिळत नाही. नियंत्रक आयसीजवळचा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा लहान कपॅसिटर येथे प्रथम संशयित मानावा. तो फुगलेला दिसत नाही, म्हणून अनेकदा नजरेतून सुटतो.

सुरक्षितता

प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरवर प्राणघातक दाब टिकू शकतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला सुमारे ५ जूल ऊर्जा असते. स्क्रू-ड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची सवय घातक आहे. सुमारे २.२ किलोओहमचा, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड टोकांनी काही सेकंद जोडून धरावा व मग मल्टिमीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी.

दुरुस्तीनंतर संच प्रथमच चालू करताना ६० वॅटचा तंतूचा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर प्राथमिक बाजूस शॉर्ट नाही. तो पूर्ण प्रकाशात तेवत राहिला तर शॉर्ट कायम आहे. या कामी एलईडी बल्ब चालत नाही. सिरीज बल्ब भाग जळण्यापासून वाचवतो, माणसाला विजेच्या धक्क्यापासून नाही.

दोषशोधन व घटक बदलणे

फ्यूज शाबूत असेल तर दोष बहुधा आरंभीच्या रेझिस्टरमध्ये, कपॅसिटरमध्ये किंवा दुय्यम बाजूस असतो. फ्यूज काळाकुट्ट होऊन उडाला असेल तर मॉस्फेट किंवा ब्रिजचा डायोड शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. मॉस्फेटच्या ड्रेन व सोर्समध्ये दोन्ही दिशांनी शून्याजवळ रोध दिसल्यास तो गेला असे समजावे. केवळ मॉस्फेट बदलून भागत नाही. गेटचा रेझिस्टर, सोर्सकडील अत्यल्प किमतीचा प्रवाहमापक रेझिस्टर आणि नियंत्रक आयसीही त्याच्याबरोबर निकामी झालेले असू शकतात. ते न तपासता संच चालू केल्यास नवा मॉस्फेट पहिल्याच क्षणी जातो. फ्यूजच्या जागी तार घालणे म्हणजे पुढील आगीची सोय करणे होय.

संच ‘टिक्-टिक्’ करीत सुरू होऊन बंद पडत असेल तर दुय्यम बाजूचा डायोड शॉर्ट आहे किंवा नियंत्रकाचा कपॅसिटर सुकला आहे. ऑप्टोकपलरकडून येणारा प्रतिसाद तुटल्यास निर्गम दाब बेसुमार वाढू शकतो, म्हणून अशा वेळी मूळ उपकरण जोडू नये.

नवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअस श्रेणीचा व कमी ईएसआरचा घ्यावा. व्होल्ट क्षमता मूळ घटकाएवढी किंवा अधिक हवी. तापमान १० अंशांनी कमी झाल्यास त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. त्यामुळे त्याला हीटसिंकपासून दूर ठेवणे हे महागडा घटक घेण्याइतकेच मोलाचे आहे. दोन बाजूंना जोडणारा निळा वाय-कपॅसिटर मात्र त्याच सुरक्षा श्रेणीचा असावा. त्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर बसवून तो शॉर्ट झाला, तर मुख्य पुरवठा थेट चार्जरच्या पिनवर येतो.

ओल शिरलेला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल व ब्रशने धुऊन पूर्ण वाळवतात. जळून काळा पडलेला भाग नुसता पुसून चालत नाही. कार्बन वाहक असल्याने तो स्वच्छ थर लागेपर्यंत खरवडावा लागतो. त्यानंतर वार्निशसारखा संरक्षक लेप दिल्यास मावळातील पावसाळ्यात संच अधिक टिकतो. हा लेप ओल्या बोर्डावर दिला तर ओल आतच कोंडली जाते.

मर्यादा

दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये पुरेसे अंतर न ठेवलेले स्वस्त मोबाइल चार्जर दुरुस्त करू नयेत. त्यांतील दोष घटकाचा नसून रचनेचा असतो. राळेत ओतलेले एलईडी ड्रायव्हरही सहसा उघडता येत नाहीत. इतर संचांसाठी सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. काढून टाकलेले भाग व निकामी संच १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जाणे अपेक्षित आहे.