अमेरिकन मनुष्य विलायतेत

अमेरिकेतून ब्रिटनमध्ये वास्तव्यास आलेल्या मनुष्यास, भाषा तीच असल्यामुळे, आपण परमुलखात आहोत ही जाणीव प्रथम होत नाही, आणि म्हणूनच ती पुढे अधिक तीव्रतेने होते. रस्त्यावर जाण्यासाठी तो लिफ्टमध्ये पहिल्या मजल्याचे बटण दाबतो आणि एक मजला वरच अडकतो. कारण त्याच्या देशात जमिनीलगतच्या मजल्यासच पहिला म्हणतात, तर इंग्रज, आपल्याप्रमाणेच, त्यास तळमजला मानतो.

परंतु खरी कसोटी दफ्तरी व्यवहारांची. त्याचा वाहन चालविण्याचा परवाना येथे 12 महिनेच चालतो. तदनंतर, वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असला तरी, नवशिक्याप्रमाणे परीक्षा देणे प्राप्त होते. सर्वांत चिवट बाब कराची. अमेरिकेचा प्राप्तिकर नागरिकत्वासही चिकटलेला असल्याने, लंडनमध्ये मिळविलेल्या वेतनाचा तपशील दरसाल अमेरिकन सरकारास सादर करावा लागतो. उभय देशांतील करारामुळे दुहेरी कर बहुधा टळतो, पण हिशेब मात्र दुहेरीच राहतो, आणि तोही एका देशाचे करवर्ष 6 एप्रिलला व दुसऱ्याचे सामान्यतः 1 जानेवारीला सुरू होत असताना. साध्या पगारदारावर हा जाच लादणे मला अन्यायाचे वाटते.

सुखद धक्का बसतो तो दवाखान्यात. आरोग्याचा अधिभार व्हिसाबरोबरच आगाऊ भरलेला असूनही, तपासणी आटोपल्यावर तो सवयीने खिशातील पाकीट काढून खिडकीपाशी उभा राहतो, आणि तेथील बाई तोवर पुढच्या रुग्णाचे नाव पुकारीत असतात.