विश्लेषण : ‘स्लेजिंग’ म्हणजे नेमके काय? चिडवणे कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो?

क्रिकेट पाहणाऱ्यांना ‘स्लेजिंग’ म्हणजे मैदानावरची शेरेबाजी एवढेच ठाऊक असते. पण या शब्दाचे अर्थ अनेक आहेत.

मूळ अर्थ कोणता?

इंग्रजीत ‘स्लेज’ म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी. गुलमर्गला पर्यटकांना बसवून स्थानिक माणसे ओढतात ती हीच. तिच्यावरून घसरण्यालाही ब्रिटनमध्ये ‘स्लेजिंग’च म्हणतात. ‘स्लेजहॅमर’ म्हणजे घण. यातला ‘स्लेज’ मात्र वेगळ्या धातूपासून आला असून त्याचे नाते घाव घालण्याशी आहे.

क्रिकेटमध्ये शब्द कसा आला?

ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल यांच्या सांगण्यानुसार, १९६० च्या दशकात अ‍ॅडलेडमध्ये एका खेळाडूने महिलेसमोर अपशब्द वापरला. ‘घणाइतकाच नाजूक’ अशी त्याची टर उडवली गेली. त्याच सुमारास गायक पर्सी स्लेज गाजत होते, त्यामुळे नाव चिकटले.

शेरेबाजीचा उपयोग होतो का?

फलंदाजाची एकाग्रता मोडणे हा हेतू असतो. तो कधी उलटतोही. १९ सप्टेंबर २००७ रोजी डर्बनमध्ये अँड्र्यू फ्लिंटॉफने युवराज सिंगला डिवचले. पुढच्याच षटकात युवराजने स्टुअर्ट ब्रॉडला सहा षटकार ठोकले.

नियम काय सांगतात?

फलंदाज चेंडू खेळत असताना त्याचे लक्ष मुद्दाम विचलित केल्यास चेंडू ‘डेड’ ठरतो आणि फलंदाजी करणाऱ्या संघाला पाच धावा मिळतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत आयसीसीची आचारसंहिता लागू असते. सर्वात सौम्य, म्हणजे पहिल्या स्तराच्या गुन्ह्यासाठी समज देण्यापासून सामन्याच्या मानधनातील ५० टक्के कपातीपर्यंत शिक्षा आहे. शिवाय डिमेरिट गुण जमा होतात. २४ महिन्यांत असे चार गुण झाले की बंदीची वेळ येते.

सीमारेषा कोणती?

खेळावरून टोमणा मारणे चालवून घेतले जाते. वंश, वर्ण किंवा धर्मावर बोलणे हा वेगळा गुन्हा आहे. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत हरभजन सिंगवर अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून वांशिक शेरा मारल्याचा आरोप झाला आणि तीन कसोटींची बंदी घातली गेली. अपिलात वांशिक आरोप सिद्ध झाला नाही. अपशब्द वापरल्याबद्दल मानधनातील ५० टक्के दंड झाला.

जानेवारी २०१९ मध्ये पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेलुक्वायोच्या वर्णाबद्दल उर्दूत बोलला. ते शब्द स्टम्प माइकने टिपले. सर्फराजने माफी मागितली, तरी चार सामन्यांची बंदी टळली नाही.

मग गंमत आणि अपमान ओळखायचा कसा?

रिषभ पंतने यष्टींमागून टिम पेनला ‘हंगामी कर्णधार’ म्हणून चिडवले, तेव्हा दोन्ही देशांचे प्रेक्षक हसले. कारण टोमणा पेनच्या पदावर होता, जन्मावर नव्हता. गल्लीतल्या सामन्यापासून कसोटीपर्यंत ही कसोटी सारखीच लागू पडते.